बुधवारची गैरहजेरी: यवतमाळ जिल्ह्यातील सातवीच्या एका मुलाचे प्रकरण

हे प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातील एका लहान गावातले आहे. मुलाची ओळख पटू नये म्हणून गाव, शाळा आणि कुटुंब यांची नावे येथे दिलेली नाहीत. मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीत शिकत होता. घरी आई, आजी आणि तिसरीतली धाकटी बहीण होती. चार एकर कोरडवाहू वावरात पऱ्हाटी (कपाशी) आणि मधूनमधून तुरीची तासे. पोळा होऊन पंधरवडाही उलटला नव्हता, तेव्हा वडिलांनी आत्महत्या केली. सोसायटीचे पीककर्ज थकलेले होते, कृषी केंद्राची उधारी वाढत चालली होती आणि आईच्या नावावर महिला गटातून घेतलेल्या मायक्रोफायनान्स कर्जाचा हप्ता दर आठवड्याला भरावा लागत होता. केंद्र सरकारने 2006 मध्ये ज्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांचे विशेष पॅकेज जाहीर केले, त्यांपैकी यवतमाळ हा एक. अशा मृत्यूंची इथल्या गावांना दुर्दैवाने सवय झालेली आहे आणि त्या सवयीमुळे मागे राहिलेल्या घराशी कसे वागायचे, याची एक ठरावीक रीतही पडून गेली आहे.

त्या रीतीप्रमाणे तेरवीच्या दिवशी मामांनी मुलाच्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर दुपट्टा टाकला आणि जमलेल्या सोयऱ्यांसमोर सांगितले, “आता तूच घरचा कर्ता. मायकडे अन् बहिणीकडे तुलेच पाहा लागते.” बोलणाऱ्यांच्या मनात माया होती, याबद्दल शंका नाही. परंतु बारा वर्षांच्या मुलाने ते वाक्य शब्दशः घेतले, आणि पुढचे चार महिने तो त्या वाक्याप्रमाणे वागला.

दसऱ्यानंतर वेचणी सुरू झाली तशी त्याची शाळेतली हजेरी घसरू लागली. आधी आठवड्यातून एक दिवस, मग दोन दिवस. वर्गशिक्षिकांनी घरी निरोप पाठवला, तेव्हा आजीने सांगितले की पोरगा कापूस वेचायला जातो, घराला हातभार लावतो. किलोमागे मिळणारी मजुरी तो आईच्या हाती देत असे, हेही खरे होते. गावात त्याचे कौतुक होत होते. शेजारच्या बायका आपापल्या मुलांना त्याचे उदाहरण देत, किराणा दुकानदार त्याला “कास्तकार” म्हणून हाक मारी, आणि शाळेतही दोन शिक्षकांनी त्याच्या समजूतदारपणाबद्दल माझ्याकडे भरभरून बोलून दाखवले. कायद्याने चौदा वर्षांखालच्या मुलाला दुसऱ्याच्या वावरात मजुरीने कामाला लावता येत नाही. 2016 च्या दुरुस्तीनंतरही शेतीकामात सूट आहे ती फक्त घरच्या कामात, शाळेची वेळ सोडून केलेल्या मदतीला. हे बहुतेकांना ठाऊक होते, पण अशा घरातल्या मुलाला ते सुनवायला कोणाची जीभ रेटत नव्हती.

शाळेच्या नोंदीत तो “शाळाबाह्य” ठरण्याचीही शक्यता नव्हती, कारण त्यासाठी सलग महिनाभराहून अधिक गैरहजेरी लागते आणि हा मुलगा दोन दिवस चुकवून तिसऱ्या दिवशी येत होता. तुकड्या-तुकड्यांनी शाळेपासून दूर जाणारे मूल आपल्या व्यवस्थेच्या चाळणीतून हमखास निसटते, असा माझा या भागातला अनुभव आहे.

मला या प्रकरणात बोलावले ते वर्गशिक्षिकांनी, आणि तेही हजेरीसाठी नव्हे. मुलाची गणिताची वही तपासताना मागच्या पानांवर त्यांना एक हिशेब सापडला होता. एका बाजूला “सोसायटी”, “कृषी केंद्र”, “गट”, “किराणा”, “काका (उसने)” अशी नावे, दुसऱ्या बाजूला रकमा. गटाच्या ओळीपुढे दर आठवड्याला एक बारीक रेघ, आणि चुकलेल्या हप्त्यापाशी रेघेऐवजी शून्य. शून्ये तीन होती. सगळ्यात खाली “कापूस” लिहून अदमासे क्विंटल आणि भाव यांचा गुणाकार केलेला होता. वर्गात चुकणारा गुणाकार इथे अचूक होता.

वही पाहिल्यावर आम्ही हजेरीपट काढला, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातल्या त्याच्या गैरहजेरीचे दिवस कागदावर वारानुसार मांडले. वेचणी हेच कारण असते तर गैरहजेरी पहिल्या दोन वेच्यांच्या भराच्या दिवसांत दाटायला हवी होती आणि वाराशी तिचा संबंध नसायला हवा होता. पण एखादा अपवाद सोडला तर मुलगा प्रत्येक बुधवारी घरी होता. बुधवार हा बाजाराचा दिवस. आजी सकाळीच बाजाराला जाई, बहीण शाळेत असे, आणि गटाचा वसुलीवाला येण्याचा दिवसही बुधवारच होता. म्हणजे बुधवारी आई घरात एकटी असे. मुलगा त्या दिवशी वावरात जात नव्हता, कोणाच्या मजुरीलाही जात नव्हता. तो ओट्यावर बसून राहत होता.

पुढचे सगळे या एका गोष्टीवरून उलगडले, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो. आत्महत्येने माणूस गेलेल्या घरातली मुले मागे राहिलेल्या पालकावर पाळत ठेवतात. एकदा जे घडले ते पुन्हा घडू शकते, हे त्यांना मोठ्यांपेक्षा आधी कळलेले असते; फक्त ते बोलून दाखवायला कोणी विचारत नाही. या मुलाने रात्री आपले अंथरूण दाराला आडवे टाकायला सुरुवात केली होती. आई परसाकडे गेली तरी तो उठून बसे. घरात फवारणीचे जे औषध उरले होते ते त्याने एकट्याने नेऊन वावराच्या धुऱ्याशी खड्ड्यात पुरले होते, आणि ते कोणालाही सांगितले नव्हते. हे कळल्यावर आशाताईंनी (गावच्या आशा आरोग्य कार्यकर्तीने) घरच्यांकडून ती जागा दाखवून घेतली आणि कृषी सहायकाच्या मदतीने त्या डब्यांची व्यवस्था लावली. या मुलाला गाव समजूतदार म्हणत होते. त्याच्या वागण्याला मी भीती म्हणेन, आणि ती भीती निराधार नव्हती, असेही म्हणेन.

आईची अवस्था पाहिली तर मुलाचा अंदाज खरा होता. तिला रात्री झोप नव्हती, जेवण सुटत चालले होते आणि वसुलीवाला आला की ती आतल्या खोलीत जाऊन कडी लावून घेई. बाहेर बोलायला मुलगा. गटाची बैठक समाजमंदिरात होत असे. लागोपाठ दोनदा ती गेली नाही म्हणून वसुलीवाला घरी येऊ लागला होता. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमांनुसार अशा कर्जदाराच्या घरी जाता येते, परंतु सकाळी नऊच्या आधी किंवा सायंकाळी सहानंतर तगादा करता येत नाही, आणि धाकदपटशा किंवा अपमानास्पद भाषा तर कधीच वापरता येत नाही. हप्त्यासाठी लहान मुलाला समोर उभे करून बोलणे कोणत्या नियमात बसते, हे मी त्या माणसाला विचारले. तो स्वतः विशी-बाविशीतला, नोकरीच्या धाकाखालचा पोरगा होता. त्याने उत्तर दिले नाही, पण पुढच्या आठवड्यापासून तो मुलाशी बोलला नाही.

आशाताईंनी आईला एकांतात बसवून सरळ विचारले की, मरून जावे असे मनात येते का. असे विचारल्याने नसता विचार डोक्यात शिरेल, अशी भीती बहुतेकांना वाटते. ती भीती खोटी आहे. उघड विचारल्याने माणसाला सुटका मिळाल्यासारखे वाटते आणि धोका किती आहे तेही कळते. आईने होकार दिला. मग तिला जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात नेले, औषध सुरू झाले, आणि पहिले काही आठवडे रात्री सोबतीला मुलाच्या आत्याने येऊन राहायचे असे ठरले. 104 ही आरोग्य हेल्पलाइन आणि टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हे दोन क्रमांक आशाताईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले. आत्या आली तशी मुलाचे अंथरूण दारापासून हलले. त्याला कोणी हलवायला सांगितले नव्हते.

कागदपत्रांचा भागही मुलावरच येऊन पडला होता, कारण घरात धडपणे वाचता येणारा तोच. सातबाऱ्यावर वारस नोंद व्हायची होती. ती तीन महिन्यांच्या आत कळवायची असते, आणि ती झाल्याशिवाय पुढच्या हंगामाचे पीककर्ज मिळत नाही. शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणात मिळणाऱ्या एक लाख रुपयांच्या मदतीची चौकशीही चालू होती. 23 जानेवारी 2006 च्या शासन निर्णयाप्रमाणे मान्यताप्राप्त कर्ज, थकबाकी आणि परतफेडीचा तगादा या बाबी तपासून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती प्रकरण पात्र की अपात्र ते ठरवते. पात्र ठरल्यास तीस हजार हाती मिळतात आणि सत्तर हजार ठेवीत जातात. ही चौकशी अंगणात, दहा माणसांच्या देखत झाली. “दारू प्यायचा काय? घरात भांडण होतं काय?” हे प्रश्न मुलाने उभ्याउभ्या ऐकले. प्रश्न विचारणे भाग असेलही. ते मुलांसमोर विचारणे भाग नव्हते. दुसऱ्या दिवशी मुलाने वर्गात एका मुलाला मारले, कारण त्याने दारूवरून काहीतरी म्हटले होते. शाळेच्या नोंदीत या प्रसंगाची कारणमीमांसा “शिस्तभंग” एवढीच आहे.

आम्ही ठरवले की यापुढे तलाठी कार्यालय, तहसील, बँक यांपैकी कोठेही मुलगा जाणार नाही. काकांनी वारस नोंदीचे काम हाती घेतले. गटाच्या कर्जासोबत जोडीदाराचा विमा काढलेला होता, असे कागद चाळताना निघाले. अशा कर्जांना तो पुष्कळदा असतो आणि पुष्कळदा कर्जदाराला त्याचा पत्ता नसतो. मृत्यूदाखला आणि अर्ज दिल्यावर, दोन महिन्यांच्या खेटेबाजीनंतर, उरलेले कर्ज मिटले आणि बुधवारचा तगादा कायमचा बंद झाला. बालसंगोपन योजनेचा अर्ज दोन्ही मुलांसाठी केला. एक पालक गमावलेल्या मुलाला ही मदत मिळते, बालकल्याण समितीच्या आदेशाने. तिची रक्कम 2023 मध्ये दरमहा 1,100 वरून 2,250 रुपये झाली. एकल मातांपैकी बऱ्याच जणींना तिची माहितीच नसते.

मुलाशी बोलणे मात्र सोपे गेले नाही. पहिल्या भेटींत तो पीकपाण्याबद्दल मोठ्या माणसासारखा बोलला, “यंदा बोंडअळीनं मारलं” वगैरे. मी त्याला बोलते करण्याचा आटापिटा केला नाही. आम्ही शाळेच्या मागच्या निंबाखाली बसून तुरीच्या शेंगा सोलत असू. अशाच एका वेळी त्याने सांगितले की तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मुलांच्या पोळ्याला, बहिणीच्या लाकडी नंदीचे एक चाक तुटले होते, नवीन चाके घेऊन द्या म्हणून त्याने वडिलांपाशी हट्ट धरला होता, आणि वडील रागावले नाहीत, नुसते उठून गेले होते. “मी पैशे मांगतले म्हून झालं,” असे तो म्हणाला. हे ओझे तो कोणालाही न सांगता तीन-साडेतीन महिने वाहत होता.

अशा वेळी “तसं काही नसतं रे” म्हणून पाठीवर थाप मारणे निरुपयोगी ठरते. मी त्याला त्याचीच वही उघडायला लावली आणि चाकांची किंमत त्या यादीत कोठे बसते ते शोधायला सांगितले. तो बराच वेळ आकडे पाहत राहिला. वडिलांना एक आजार झाला होता, त्या आजारात माणसाला सगळे रस्ते बंद झालेले दिसतात, आणि मुलाच्या मागण्याने तो आजार होत नाही, एवढे मी त्याला साध्या शब्दांत सांगितले. कर्जामुळे मृत्यू होतो असे त्याला सांगायचे नाही, याची मी काळजी घेतली. घरात कर्ज अजून होते, आणि तसा अर्थ त्याने काढला असता तर आईबद्दलची भीती दुप्पट झाली असती.

खरा फरक पडला तो आईमुळे. औषधाने झोप लागू लागल्यावर, आशाताईंच्या सांगण्यावरून तिने मुलाला समोर बसवून म्हटले, “मी कोठीच नाई जात. मले काई वाटलं त मी आशाताईले सांगीन, तुह्या आत्याले सांगीन. तू शाळेत जाय.” त्यानंतरच्या बुधवारी तो शाळेत आला. मधल्या सुट्टीत धावत घरी जाऊन आला, पण आला.

यापुढचा भाग दुसऱ्यांना मदत करण्याचा आहे, आणि त्याबद्दल माझे मत पुष्कळांना रुचत नाही. दुःखातल्या मुलाला दुसऱ्याच्या उपयोगी पडू द्यावे, त्याने त्याला बळ येते, हे मला मान्य आहे. पण वरची चार महिन्यांची कमाई, पहारा, वसुलीवाल्याला तोंड देणे, या सगळ्यालाही गाव “मदत”च म्हणत होते, आणि त्या मदतीने मुलगा वाळत चालला होता. मुलाला नाही म्हणता येते का, आणि काम संपल्यावर ते खांद्यावरून उतरते का, या दोन गोष्टी मी पाहतो. आईला जिवंत ठेवणे हे काम संपत नाही आणि त्याला नाही म्हणता येत नाही.

जानेवारीत पाचवीतल्या एका मुलाची आई सर्पदंशाने गेली. हा मुलगा त्याच्याशी आधी फारसा बोलतही नव्हता. खिचडीच्या ओळीत तो एके दिवशी सहावी-सातवीच्या ओळीतून निघून त्या मुलामागे जाऊन उभा राहिला, आणि पुढे रोज तिथेच बसून जेवू लागला. दोघे काय बोलत, विचारले तर “काई नाई” एवढेच उत्तर मिळे. शिक्षिकांच्या म्हणण्याप्रमाणे ते बहुतेक खरोखरच काही बोलत नसत. काही दिवसांनी त्याने त्या मुलाच्या वडिलांसाठी वहीच्या पानावर एक यादी लिहून दिली. ती मी पाहिली आहे: “मृत्यू दाखला (ग्रामपंचायत), तहसीलचा उत्पन्न दाखला, रेशनकार्ड, दोघाचे आधार, शाळेचं बोनाफाईड, बँक पासबुक, घरासमोर उभं राहून फोटो.” आणि खाली, अधोरेखित करून: “सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स काढा. एकदा गेले की परत बोलावतात.” बालसंगोपनाच्या अर्जासाठी इतकी उपयोगी सूचना मी कोणत्याही शासकीय पत्रकात वाचलेली नाही. स्वतःच्या घरी जे काम त्याच्यावर लादले गेले होते, त्यातलेच ज्ञान त्याने इथे स्वखुशीने दिले, आणि यादी देऊन तो मोकळा झाला. तहसीलला तो गेला नाही. जायला त्या मुलाचे वडील होते.

याच सुमारास शाळेने दोन बेत आखले. 26 जानेवारीला त्याने गावासमोर भाषण करावे, “संकटावर मात” या विषयावर. आणि त्याला लहान वर्गांचा “दादा” नेमून रोज शाळा सुटल्यावर तासभर शिकवायला बसवावे. भाषणाला मी स्पष्ट विरोध केला. वडिलांचा मृत्यू माइकवरून सांगून मिळालेल्या टाळ्यांचे मुलाने पुढे काय करायचे असते? शिवाय आठ वर्षांची बहीण समोरच्या रांगेत बसलेली असणार होती, आणि तिला तोवर “बाबा आजारी पडले होते” एवढेच सांगितलेले होते. मुख्याध्यापक थोडे नाराज झाले, पण त्यांनी ऐकले. दुसऱ्या बेतात आम्ही काटछाट केली. त्याने आठवड्यातून दोनदा, शाळेच्या वेळेतच, तिसरीतल्या दोन मुलांना वाचून दाखवायचे. आवडले नाही तर सोडून द्यायचे. त्या दोघांत बहीण नको, अशी अट त्याने स्वतः घातली. कारण विचारल्यावर म्हणाला, “ते घरी हायेच.”

फेब्रुवारीच्या अखेरीस शिक्षिकांनी मला थोड्या काळजीने कळवले की आज त्याने वाचायला बसायला नकार दिला. कारण त्याने सांगितले होते, “मॅडम, आज माही मॅच हाय.” शेजारच्या गावाच्या पोरांशी टेनिस बॉलचा सामना होता. त्या दिवशी तो पहिल्या चेंडूवर बाद झाला आणि त्यावरून भांडलाही. माझ्या नोंदवहीत सुधारणेची जी लक्षणे लिहिली आहेत त्यांत मी हे सर्वांत वर ठेवले आहे, हजेरी आणि गुण यांच्याही वर.

आता तो आठवीत आहे. गावची शाळा सातवीपर्यंतच, म्हणून सवलतीच्या पासावर एसटीने मोठ्या गावच्या शाळेत जातो. वावर यंदा काकांना बटईने (पिकाच्या वाट्यावर) दिले आहे. आत्महत्येचे प्रकरण समितीत पात्र ठरले, पण सोसायटीची थकबाकी अजून पूर्ण फिटलेली नाही, आणि वहीच्या मागच्या पानांचा हिशेब आता आई ठेवते, बचत गटातल्या एका बाईकडून आकडे मांडायला शिकून. पाचवीतल्या मुलाचा बालसंगोपनाचा अर्ज मंजुरीच्या वाटेवर आहे. बहीण आता चौथीत गेली असून शाळेतल्या कोणाकडून तरी काहीबाही ऐकून विचारू लागली आहे. तिला खरे सांगायचे, आणि ते आईने सांगायचे, असे घरात ठरले आहे; दिवाळीआधीच्या एका रविवारी आशाताई सोबतीला बसणार आहेत. मुलाने त्या वेळी तिथे असावे की नाही हे त्याच्यावर सोडले आहे, आणि त्याने अजून काही सांगितलेले नाही.